भरमार बंदूक: नेम कसा बसवतात आणि बार कधी काढता येतो

सोयाबीनला शेंगा धरल्या की रानडुकरांचे कळप वावरात उतरतात. पुढे तूर, मग हरभरा आणि गहू. रामटेक, मौदा, कुही, भिवापूरकडे धानाची बांधी तुडवली जाते, तर काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत रोही शिरतात. रात्रभर जागल करूनही सकाळी धुऱ्यापासून आतपर्यंत पीक आडवं झालेलं दिसतं. अशा वेळी ज्यांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाची ठासणीची बंदूक आहे, त्यांची नजर भिंतीकडे जातेच.

ही बंदूक म्हणजे आपल्याकडची भरमार. दारू, कापड किंवा बुच आणि गोळी किंवा छर्रे नळीच्या तोंडातून भरायचे, गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. ही रचना जुनी आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रजांची फौज लढली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या हातात ठासणीच्याच बंदुका होत्या. फरक इतकाच की त्या काळी चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने बार व्हायचा. टोपी त्यानंतर रुळली.

शेतकऱ्यासाठी प्रश्न दोन आहेत. या बंदुकीची गोळी नेमकी कुठे लागते? आणि ती झाडायचा अधिकार आपल्याला आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी पाहू. तिथे चुकलं तर पहिल्याचं उत्तर कामाचं राहत नाही.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतकऱ्यासाठी खास सोय आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. ग्रामीण भागात हा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो आणि नागपूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षाही त्याच दुरुस्तीने वाढली. आता किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे.

पण हा कागद बंदूक बाळगण्याचा आहे. प्राणी मारण्याचा विषय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये येतो आणि त्याचं कलम ९ शिकारीला सरसकट बंदी घालतं. अपवाद कलम ११ मध्ये आहे. रानडुक्कर किंवा रोही उभ्या पिकाला धोकादायक झाले असतील, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढतो. आदेशात कारण लिहिलेलं असतं, कोणता प्राणी किंवा कळप आणि कोणतं क्षेत्र तेही ठरवून दिलेलं असतं. म्हणजे अमुक शिवारातल्या रानडुकरासाठी मिळालेला कागद शेजारच्या शिवारात चालत नाही आणि त्याच कागदावर चितळ मारता येत नाही. काळवीट तर अनुसूची १ मधला प्राणी आहे. त्याला मारलं तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद होते.

"वनरक्षक साहेब तोंडी हो म्हणाले होते" हे वाक्य न्यायालयात टिकत नाही. अर्ज आपल्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यावा, पोच घ्यावी आणि लेखी आदेश हातात येईपर्यंत बंदूक घरातच ठेवावी. परवानगीने मारलेलं जनावरही शेतकऱ्याचं होत नाही. पुढे काय करायचं ते वन विभाग ठरवतो. मटण वाटून घेतलं तर तो वेगळाच गुन्हा होतो.

पेंच, मानसिंगदेव, उमरेड-कऱ्हांडला, बोर यांच्या आसपासच्या गावांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अभयारण्याच्या आत किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकाला वन विभागाकडे नाव नोंदवावं लागतं. त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. भिवापूर, कुही, पारशिवनी, रामटेक या तालुक्यांतली कितीतरी गावं या अंतरात येतात.

आजोबांच्या बंदुकीचं काय?

परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसांना आपोआप लागू होत नाही. बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. "जुनी आहे, गंजली आहे, शोभेची आहे" असं पुष्कळ लोक म्हणतात. कायद्यात जुन्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ज्यातून बार होऊ शकत नाही अशाच शस्त्राला. भरमार ही इतकी साधी वस्तू आहे की बहुतेक वेळा घोडा बदलला, छिद्र साफ केलं की ती चालते. त्यामुळे या सुटीवर विसंबून राहू नये. गडचिरोली जिल्ह्यात गावकऱ्यांनी भरमार बंदुका स्वतःहून पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा आल्या आहेत.

दुरुस्तीचंही तेच. गावातल्या लोहाराकडून घोडा घासून घेणं किंवा कुंदा बदलून घेणं किरकोळ वाटतं. पण बंदुकीची दुरुस्ती हेदेखील कायद्याने परवान्याचं काम आहे. नळी कापून आखूड करायलाही परवानगी लागते. खाली नेम बसवताना माशी घासण्याचा विषय येतो, ते कामही परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायचं.

नेम म्हणजे काय बसवायचं?

पोलीस आणि मिलिटरीतली माणसं याला बंदूक 'झिरो करणं' म्हणतात. ठरलेल्या अंतरावर नजर जिथे आहे तिथेच गोळी लागावी, एवढाच त्याचा अर्थ. काडतुसाच्या बंदुकीत प्रत्येक काडतूस कारखान्यातून सारखं येतं. भरमारमध्ये मात्र दर बाराला काडतूस आपणच तयार करत असतो. म्हणून भरमारचा नेम अर्धा माशीवर आणि अर्धा भरणाऱ्याच्या हातावर असतो. दारू चिमूटभर जास्त, ठासणी थोडी सैल, कापड आज जाड आणि काल पातळ, असं चाललं तर माशी कितीही सरळ करा, गोळी फिरत राहते.

त्यामुळे आधी भरण एकसारखं करायचं. दारू अंदाजाने हातावर ओतायची नाही, एकच माप ठरवायचं. किती भरायची ते बंदूक बनवणाऱ्याने किंवा परवानाधारक विक्रेत्याने सांगितलं असेल तेवढीच. डबीतून थेट नळीत कधी ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल, तर डबी हातातच पेटते. आधी मापात घ्यायची, मग नळीत, आणि त्या वेळी तोंड नळीवर वाकवायचं नाही. काडतूस फोडून काढलेली दारू, फटाक्यांची दारू, काडेपेटीचा मसाला यातलं काहीही भरमारमध्ये घातलं तर नळी फुटते आणि फुटते ती चेहऱ्याजवळ. घरी दारू कुटणं तर गुन्हाच आहे.

गोळी दारूवर घट्ट टेकलेली हवी. मध्ये पोकळी राहिली तरीही नळी फुटण्याचा धोका असतो. यावर जुना उपाय गजावरच्या दोन खुणांचा. नळी रिकामी असताना गज आत टाकून तोंडापाशी एक खूण करायची आणि बरोबर भरलेली असताना दुसरी. पुढे दर बाराला गज दुसऱ्या खुणेपर्यंत गेला की भरण ठीक. याचा आणखी एक उपयोग आहे. भिंतीवर टांगलेली बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे गज टाकून लगेच कळतं. टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं समजणाऱ्या घरांत अपघात होतात.

निशाणा लावताना

हे काम रायफल असोसिएशनच्या किंवा क्लबच्या रेंजवर करणं उत्तम. वावरात करायचं मनात असेल तर परवान्यावर कोणतं क्षेत्र आणि कोणता हेतू लिहिला आहे ते पाहावं, पोलीस ठाण्यात आधी विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. जंगलाला लागून असलेल्या गावात बाराचा आवाज झाला की वन कर्मचारी येतात आणि ते बरोबरच आहे.

सकाळी, वारा पडलेला असताना सुरुवात करावी. डोळ्यांवर चष्मा आणि कानात बोळे हवेत, कारण टोपीचे तुकडे उडतात. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवायची, पण नळी टेकवायची नाही. नळीखालचं लाकूड पिशवीवर यायला हवं. नळी कडक वस्तूवर टेकली की बाराबरोबर उसळते आणि गोळी वर जाते.

पहिले तीन बार २५ मीटरवरून काढायचे. दर बारानंतर ओलसर कापडाने नळी पुसायची, मग कोरड्या कापडाने. काळ्या दारूची काजळी नळीत साचते आणि तिसऱ्या-चौथ्या बाराला गोळी ठासताना जोर लागायला लागतो. तेव्हापासून नेम बिघडतो. तीन गोळ्या कागदावर कुठेही पडोत, एकेका गोळीवरून काही ठरवायचं नाही. तिन्हींचा मध्य काढायचा. तिन्ही दूरदूर पडल्या असतील तर दोष माशीचा नाही, भरणाचा किंवा हाताचा आहे. तो आधी सुधारायचा.

तिन्ही जवळजवळ पण भलतीकडे पडल्या, तर मग माशीकडे वळायचं. मागे खाच असलेल्या बंदुकीत नियम सोपा आहे. गोळी जिकडे न्यायची आहे तिकडे मागची खाच सरकवायची, पुढची माशी मात्र उलट बाजूला. गोळी खाली लागत असेल तर माशी थोडी घासून बुटकी करायची. किती घासायची याचाही हिशेब आहे. गोळी जितकी चुकली ते अंतर, गुणिले माशी ते खाच हे अंतर, भागिले निशाण्याचं अंतर. २५ मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर खाली लागली आणि माशी-खाचेत ७५ सेंटिमीटर अंतर असेल, तर उत्तर येतं दीड मिलिमीटर. एवढंसंच. घासलेलं परत येत नाही, म्हणून कारागिराला आधी एक मिलिमीटर घासायला सांगून पुन्हा बार काढून बघावं.

गावाकडच्या पुष्कळ भरमारींना मागची खाच नसतेच, नुसती पुढे माशी असते. तिथे मागची खाच म्हणजे आपला डोळा. गाल कुंद्यावर दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे. डोळा थोडा वर राहिला आणि नळीची पाठ जास्त दिसली की गोळी वर जाते. अशा बंदुकीत घासण्याची घाई करूच नये. आधी गालाची जागा पक्की करावी.

चाप ओढल्यावरही नजर माशीवरच ठेवावी. टोपी पेटते, ठिणगी दारूपर्यंत जाते, मग गोळी निघते. या क्षणभरात धूर पाहायला मान वर केली तर नेम सुटतो. नव्या माणसाचे बहुतेक बार असेच वाया जातात. टोपी वाजली आणि बार झालाच नाही, तर बंदूक निशाण्याकडेच धरून किमान एक मिनिट थांबायचं. दारू उशिरा पेटू शकते.

किती लांबून?

२५ मीटरवर जमलं की ५० मीटर. गुळगुळीत नळीच्या भरमारची खरी हद्द साधारण इथेच येते. रायफल म्हणजे नळीच्या आत पिळाच्या खाचा असलेली बंदूक. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. १८५७ च्या काडतुसांच्या वादातली एन्फिल्ड अशीच ठासणीची रायफल होती. आपल्या भरमारीत त्या खाचा नाहीत, म्हणून अंतर वाढलं की गोळी भरकटते. शिवाय गोल गोळीचा वेग लवकर कमी होतो. ५० मीटरवर नेम बसवलेली बंदूक १०० मीटरवर साधारण फूटभर खाली मारते. कमी-जास्त बंदुकीप्रमाणे होईल.

आपली हद्द शोधायची एक सोपी रीत आहे. नाश्त्याच्या प्लेटएवढं, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरचं वर्तुळ काढायचं. रानडुकराच्या छातीत काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण एवढीच असते. ज्या अंतरावरून, पिशवीचा टेका न घेता, पाचपैकी पाच गोळ्या वर्तुळात पडतात, तेवढंच आपलं अंतर. चार पडल्या तर पुढे सरकायचं. कुणाचं अंतर ४० मीटर निघेल, कुणाचं २५. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक गोष्ट, जी जुने बंदूकवाले जाणतात आणि नवे विसरतात. भरमारने दुसरा बार करायला वेळ मिळत नाही, त्यामुळे खरा महत्त्वाचा तो स्वच्छ नळीतला पहिला बार. नळीत तेल राहिलं असेल तर हा पहिला बार बाकीच्यांपेक्षा वेगळा जातो, कधी दारू भिजून पेटतच नाही. भरण्याआधी नळी कोरडी पुसावी. प्रत्येक सरावाच्या दिवशीचा पहिला बार एकाच जुन्या कागदावर मारत जावं. चार-पाच दिवसांचे ते चार-पाच ठिपके बंदुकीचा खरा नेम सांगतात. आणि बार झाले की त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवून, वाळवून तेल लावायचं. काळ्या दारूची काजळी ओल ओढते. आपल्याकडच्या श्रावण-भादव्यात दोन दिवसांत नळी गंजते.

गोळी पुढे कुठे जाते?

हा सगळा नेम दिवसाचा. डुक्कर येतं रात्री. अंधारात माशी दिसत नाही आणि माशी दिसली नाही की कागदावरचा नेम उपयोगाचा राहत नाही. बारानंतर काळ्या दारूचा धूर समोर पसरतो. जनावर पडलं, जखमी झालं की पळालं, काही सेकंद कळत नाही. जखमी रानडूक पऱ्हाटीत दबून बसतं आणि सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बाईवर उठतं. म्हणून आपल्या अंतराबाहेरचा बार काढायचाच नाही.

त्याहून मोठी काळजी माणसांची. आपली जमीन सपाट आहे. चुकलेली गोळी अडवायला मागे टेकडी नसते आणि ती कित्येकशे मीटर जाऊनही माणूस मारू शकते. शेजारच्या वावरात कुणी जागलीला असतं, तुरीत उभा माणूस दिसत नाही. माळ्यावरून किंवा मचाणीवरून खाली बार केला तर गोळी जनावराच्या मागे मातीत जाते. जमिनीवरून आडवा बार करण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. आदेश मिळालेल्या रात्री आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना आधी कळवावं. डोळे चमकले म्हणून बार काढणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की उमरेड-भिवापूर पट्ट्यात डुकरामागे वाघही येतो.

कुंपणात वीज सोडणं आणि पिठाच्या गोळ्यात बॉम्ब ठेवणं हे तर बंदुकीहून वाईट. त्यात डुक्कर, वाघ, गाय, माणूस असा फरकच राहत नाही. विदर्भात वाघही असे मेले आहेत आणि शेतकरीही.

नुकसान झालं असेल तर

बंदूक नसलेल्या आणि असलेल्याही शेतकऱ्याने भरपाईचा अर्ज सोडू नये. पीक खाल्लेलं दिसल्यावर ३ दिवसांच्या आत वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात तक्रार द्यावी. पंचनाम्याआधी पीक काढू नये, नांगर फिरवू नये. मोबाईलवर फोटो काढताना खुरांचे ठसे, आडवं पडलेलं पीक आणि ओळखू येईल अशी धुऱ्यावरची एखादी खूण एका चौकटीत यावी, लोकेशन चालू ठेवावं. सोबत सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागते. पंचनाम्यावर सही करण्याआधी क्षेत्र आणि नुकसानीचा आकडा स्वतः वाचून घ्यावा. रानडुक्कर मारण्याच्या परवानगीसाठी अर्ज करतानाही याच तक्रारींच्या पोच जोडता येतात. वारंवार नुकसान होतं हे त्यावरूनच दिसतं. जखमी जनावर शिवारात असेल किंवा वाघ-बिबट दिसला असेल, तर वन विभागाची हेल्पलाईन १९२६ आहे.